हंटिंग : एका जुन्या दुखण्याचा इतिहास

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरीहून चाकणकडे जाताना दोन्ही बाजूंना लहानमोठी गॅरेजेस लागतात. जुन्या पेट्रोल मोटारींची एक तक्रार तिथे वारंवार ऐकू येते. सिग्नलला गाडी उभी केली, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिन एका वेगावर टिकत नाही. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर यावे ते १५०० पर्यंत चढते, मग बंद पडेल की काय असे वाटण्याइतके उतरते, आणि पुन्हा चढते. दोन-तीन सेकंदांचा ठेका धरून हे चालूच राहते. मेकॅनिक क्षणभर ऐकतो आणि म्हणतो, ‘हंटिंग करतेय.’

हंटिंग म्हणजे शोधत फिरणे. इंजिन आपला योग्य वेग शोधत असते, त्याच्यावरून पुढे-मागे जात असते, पण त्यावर थांबत नाही. हे दुखणे पुष्कळदा सुटे भाग बदलून बरे करण्याचा प्रयत्न होतो. प्लग बदलले जातात, पेट्रोलचा फिल्टर बदलला जातो, शेवटी एखादा महागडा सेन्सर बदलला जातो. मालकाचे पैसे जातात आणि ठेका तसाच राहतो. याचे कारण असे, की पुष्कळदा यात कोणताही भाग मोडलेला नसतो. प्रत्येक भाग आपले काम करत असतो. बिघडलेला असतो तो त्यांचा आपसातला व्यवहार. ही गोष्ट विज्ञानाला उमगायला ऐंशी वर्षे लागली, आणि तेव्हा मोटारगाडी अजून जन्मालाही आली नव्हती. तो इतिहास पाहिला तर गॅरेजमधले निदानही सोपे होते. म्हणून आधी थोडे मागे, वाफेच्या इंजिनाच्या काळात जाऊ या.

गोळ्यांचा गव्हर्नर

१७८८ साली लंडनच्या अल्बियन मिल या पिठाच्या गिरणीत मॅथ्यू बोल्टन यांनी एक साधन पाहिले. जात्याच्या दगडांमधले अंतर योग्य राखण्यासाठी तिथे फिरत्या गोळ्यांचा उपयोग केला होता. त्यांनी ते आपले भागीदार जेम्स वॅट यांना कळवले आणि वॅट यांनी तीच कल्पना वाफेच्या इंजिनाला लावली. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या उभ्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटतो आणि वेग उतरतो. वेग कमी झाला की उलट घडते. यंत्रच आपल्या वेगाची दखल घेते आणि स्वतःला सुधारते. आज आपण याला प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतो.

अशा इंजिनांची गरज केवढी होती हे महाराष्ट्राला सांगायला नको. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे गिरणगावच्या हजारो चात्या वाफेच्या इंजिनांवर फिरू लागल्या. चात्यांचा वेग हलला की सूत तुटते किंवा त्याचा पीळ बिघडतो. त्यामुळे इंजिनाचा वेग सारखा राखणे हा गिरण्यांच्या दृष्टीने थेट पैशाचा प्रश्न होता.

पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अभियंत्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. सुरुवातीची ओबडधोबड इंजिने शांतपणे चालत होती, आणि नवी, अधिक सफाईने बनवलेली इंजिने हंटिंग करू लागली होती. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनाही १८४० च्या सुमारास हाच अनुभव आला. आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राला त्यांनी गव्हर्नर लावला, तेव्हा ते यंत्र आवरेनासे झाले.

१८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रॉयल सोसायटीपुढे ‘ऑन गव्हर्नर्स’ हा छोटा निबंध मांडला. विद्युतचुंबकीय लहरींच्या सिद्धांतासाठी आपण ज्यांना ओळखतो तेच हे मॅक्सवेल. गव्हर्नर लावलेल्या यंत्राला धक्का बसला, तर पुढे चारच प्रकार संभवतात असे त्यांनी समीकरणांवरून दाखवले. धक्क्याचा परिणाम सरळ वाढत जाईल. सरळ विरत जाईल. हेलकावे खात विरत जाईल. किंवा हेलकावे खात वाढत जाईल. चौथा प्रकार म्हणजे हंटिंग. प्रत्यक्षात हेलकावे अमर्याद वाढत नाहीत, कारण झडप पूर्ण उघडण्याला आणि पूर्ण मिटण्याला मर्यादा असते. त्या दोन मर्यादांमध्ये ते खेळत राहतात.

१८७६ साली रशियातील अभियंते विश्नेग्राद्स्की यांनी नव्या इंजिनांचे कोडे सोडवले. गव्हर्नर शांत राहायला तीन गोष्टी मदत करतात : सांध्यांमधले घर्षण, जडचक्राचे म्हणजे फ्लायव्हीलचे जडत्व, आणि भार वाढल्यावर वेग किंचित कमी होऊ देण्याची मुभा. गोळ्यांचे वस्तुमान मात्र या शांततेच्या विरुद्ध जाते. शतकभराच्या प्रगतीने नेमके काय केले होते? सफाईदार घडणीने घर्षण घटले, वेगवान इंजिनांमुळे जडचक्रे हलकी झाली, अधिक काटेकोर वेगाच्या आग्रहाने मुभा कमी झाली, आणि मोठ्या झडपा हलवायला गोळे जड झाले. प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे योग्यच होती. एकत्र मिळून त्यांनी दुखणे निर्माण केले.

वर्गात करून पाहा

यामागचे तत्त्व वर्गात सहज दाखवता येते. तळाशी बारीक भोक असलेला एक पारदर्शक डबा नळाखाली ठेवा. पाण्याची पातळी एका खुणेवर राखायची आहे. नळावरचा विद्यार्थी पाठ फिरवून उभा राहील. दुसरा पातळी पाहून ‘वाढव’ किंवा ‘कमी कर’ असे सांगेल. थोड्या सरावाने पातळी स्थिर होते. आता दुसऱ्याला सांगा, की जे दिसले ते लगेच न बोलता मनात पाच आकडे मोजून बोलायचे. पातळी खुणेच्या वर जाते, मग खाली जाते, पुन्हा वर जाते. दोघेही विद्यार्थी आपले काम चोख करत आहेत, नळ आणि डबाही निर्दोष आहेत. तरीही पातळी हेलकावते, कारण सुधारणा उशिरा पोहोचते आणि पोहोचेपर्यंत गरज उलटलेली असते. उशीर कायम ठेवून नळ अगदी थोडा थोडा फिरवला, तर हेलकावे पुन्हा कमी होतात. उशीर आणि सुधारणेचा जोर या दोन राशींमध्ये हंटिंगचे मूळ असते.

खडकी आणि पिंपरी : डिझेलचा गव्हर्नर

वाफ गेली तरी गव्हर्नर गेला नाही. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिची डिझेल इंजिने विहिरींवर, गिरण्यांवर गावोगाव पोहोचली. डिझेल इंजिनाला गव्हर्नर हवाच असतो. या इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते. दर फेऱ्याला किती डिझेल सोडायचे एवढेच ठरवायचे असते. डिझेलचे माप तेच ठेवून भार काढला, तर वेग चढतच जातो. त्याला थांबवणारे अंगभूत काही नसते.

१९५१ साली मायको कंपनी सुरू झाली आणि डिझेलचे पंप देशात बनू लागले. १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्याच्या परिसरात आपला कारखाना उभारण्यास सुरुवात केली. टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योग यांच्याभोवती पिंपरी-चिंचवड वाढले. डिझेल गाडी हंटिंग करू लागली, की इथला जाणता मेकॅनिक दोन गोष्टी आधी पाहतो : डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का, आणि गव्हर्नरचे सांधे अडकतात का. विश्नेग्राद्स्कींनी मदत करणारे म्हटले ते घर्षण सलग, गुळगुळीत असते. अडकून मग झटक्याने सुटणारे घर्षण वेगळे. ते सुधारणेला उशीर लावते, म्हणजे डब्याच्या प्रयोगातल्या पाच आकड्यांचे काम करते.

कार्बोरेटरचा अंगचा गव्हर्नर

पेट्रोल मोटारीची गोष्ट निराळी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. तिला गव्हर्नर नव्हता. कार्बोरेटरवरचे दोन स्क्रू पिळून मेकॅनिक स्लो लावत असे, आणि नीट लावलेला स्लो महिनोन्‌महिने टिकत असे. गव्हर्नरवाचून हे कसे जमत होते?

उत्तर भौतिकशास्त्रात आहे. पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. पिस्टन हवा ओढत राहतात, म्हणून झडपेमागच्या मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही कमी होतो. अशा वेळी झडपेच्या फटीतून हवा ध्वनीच्या वेगाने आत शिरते. त्याहून अधिक वेगाने ती शिरू शकत नाही, मग पलीकडचा दाब कितीही घटो. म्हणजे दर सेकंदाला आत येणारी हवा ठरून जाते. आता इंजिनाचा वेग वाढला तर तीच हवा अधिक फेऱ्यांत वाटली जाते, दर फेऱ्याचा जोर घटतो आणि वेग उतरतो. वेग घटला तर दर फेऱ्याला अधिक हवा मिळते आणि इंजिन सावरते. पेट्रोल इंजिनाच्या अंगातच असा गव्हर्नर असतो, आणि त्यात उशीर फार थोडा असतो.

हा समतोल बिघडवणारी नेहमीची गोष्ट म्हणजे भलत्या वाटेने शिरणारी हवा. मॅनिफोल्डचे पॅकिंग उडालेले असते, किंवा ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपला चीर गेलेली असते. या चिरेचे महत्त्व आकड्यांत पाहू. ३ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून वरच्याच नियमाने सेकंदाला सुमारे सव्वा ग्रॅम हवा आत येते. लहान मोटारीच्या इंजिनाला स्लोवर लागणारी एकूण हवा सेकंदाला दोन ते चार ग्रॅम असते. म्हणजे मुंगीच्या बिळाएवढे भोक इंजिनाच्या हवेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक पुरवू शकते, आणि त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. हीच गाडी रस्त्यावर वेगात असते तेव्हा इंजिन सेकंदाला वीस-तीस ग्रॅम हवा घेते. त्यात सव्वा ग्रॅमची दखलही लागत नाही. ‘साहेब, पळायला गाडी छान आहे, फक्त सिग्नलला त्रास देते’ या तक्रारीचे हे उत्तर.

धूर मोजायला सुरुवात

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी स्लोवरच्या इंजिनाला कायद्यात स्थान दिले. उभ्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती, हे मोजण्याचे ठरले. चारचाकी पेट्रोल गाड्यांना ३ टक्क्यांची आणि दुचाकी-तीनचाकींना ४.५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. पीयूसीचे प्रमाणपत्र आपल्या परिचयाचे झाले ते यातून.

इथे कार्बोरेटरची अडचण झाली. स्लोवर सिलिंडरमध्ये आधीच्या फेऱ्यातला जळका वायू बराच उरलेला असतो. त्यामुळे ठिणगी पेट घ्यायला पेट्रोल थोडे जास्तच द्यावे लागते, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त कार्बन मोनॉक्साइड. प्रमाणपत्रासाठी मिश्रण पातळ केले, की काही ठिणग्या फुकट जाऊ लागतात, इंजिन थरथरते, बंद पडते. मग चाचणीपुरता स्क्रू पिळायचा आणि नंतर पुन्हा सैल करायचा, अशी वाट काहींनी काढली. गाडी कागदावर स्वच्छ झाली, चौकातल्या हवेला त्याचा लाभ झाला नाही.

नियम पुढे कडक होत गेले. १९९१ साली नव्या पेट्रोल गाड्यांना धुराची मर्यादा आली. या चाचण्यांच्या कामात १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा आहे. वाहने प्रमाणित करणारे तिचे एक केंद्र पुढे चाकणलाही उभे राहिले. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. २००० साली देशभर भारत स्टेज मालिकेतला पहिला टप्पा आला. त्या सुमारास कार्बोरेटर मागे पडला आणि पेट्रोल मोजून फवारणारी, संगणकावर चालणारी एमपीएफआय पद्धत रूढ झाली.

गव्हर्नर परत आला

कन्व्हर्टर चांगला चालायचा तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राखावे लागते. दोन स्क्रूंनी ते साधत नाही. म्हणून धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आला. १९७६ साली व्होल्वोने तो प्रथम मोटारीत वापरला होता. तो धुरातला ऑक्सिजन ओळखतो, संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. स्लोसाठी दुसरी व्यवस्था आली : संगणक वेग मोजतो आणि एका लहान झडपेने हवा वाढवतो किंवा घटवतो. गोळे, दांडे, सांधे गेले, पण वॅट यांची कल्पनाच मोटारीत शिरली. कल्पनेबरोबर तिचे दुखणेही आले.

ते कसे घडते हे एका नेहमीच्या उदाहरणाने पाहू. मॅनिफोल्डला चीर गेली आहे. जादा हवेने वेग वाढतो. संगणक आपली झडप मिटत जातो, पण चीर काही त्याच्या ताब्यात नसते. वेग समजा १६०० झाला. पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि वेग एवढा आहे, यावरून संगणक निष्कर्ष काढतो की गाडी उतारावर आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी तो फवारा बंद करतो. वेग कोसळतो. ११०० च्या खाली येताच तो फवारा सुरू करतो. वेग पुन्हा १६०० पर्यंत चढतो. संगणक, सेन्सर, फवारे सगळे निर्दोष आहेत, आणि गाडी दिवसभर हंटिंग करील.

उशिराचाही हिशेब करून पाहा. मिनिटाला ८०० फेऱ्या म्हणजे एका फेऱ्याला ०.०७५ सेकंद. चार ठोक्यांच्या इंजिनाचे चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते, म्हणजे ०.१५ सेकंदात. पेट्रोल फवारले, ते आत गेले, जळले, बाहेर पडले आणि नळीतून सेन्सरपर्यंत पोहोचले, तोवर अशी काही चक्रे उलटलेली असतात. सेन्सर जुना आणि मंद झाला तर उशीर आणखी वाढतो. डब्याच्या प्रयोगात पाचाऐवजी दहा आकडे मोजल्यासारखे होते.

निदानाचा क्रम

एवढे लक्षात आले, की जुन्या गाडीचे निदान अंदाजपंचे राहत नाही.

पहिला प्रश्न ठेक्याचा. वेग संथ आणि नियमित लयीत वर-खाली होत असेल, तर कुठेतरी नियंत्रण उशिरा किंवा चुकीच्या माहितीवर चालले आहे. लय नसेल, नुसती थरथर असेल, तर ते मिसिंग आहे. तिथे प्लग, वायर आणि कॉम्प्रेशन पाहावे.

दुसरा प्रश्न तापमानाचा. ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावरच काम करू लागतो. गाडी गार असताना ठीक आणि तापल्यावर हंटिंग, असे असेल तर त्या वर्तुळाकडे संशय जातो. गार असतानाच त्रास असेल तर पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर, किंवा तापल्यावर फुगून बुजणारी चीर यांचा विचार करावा.

तिसरी पायरी वर्तुळ तोडण्याची. संगणकाच्या झडपेचा कनेक्टर काढला आणि वेग चढाच राहिला, पण हेलकावे थांबले, तर जादा हवा कुठून येते ते शोधावे. रबरी पाइप एकेक करून चिमटीत धरावेत. ज्या पाइपशी आवाज बदलतो तिथे दोष. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे सांध्यांजवळ फिरवले, तर हवेची शिट्टी ऐकू येते. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याची पद्धत मात्र कोणी अवलंबू नये. तिने आग लागते. इंजिन चालू असताना बंद शेडमध्ये थांबणेही जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चौथी गोष्ट स्कॅनरची. स्कॅनर ‘मिश्रण पातळ’ असे दाखवतो तेव्हा ते ऑक्सिजन सेन्सरने कळवलेले असते. त्याने खरे तेच सांगितलेले असू शकते. बातमी देणाऱ्यालाच बदलून टाकण्याची घाई करू नये. थ्रॉटलच्या झडपेवरचा काजळीचा थर पुसणे हा याहून कितीतरी स्वस्त उपाय आहे, आणि तो आधी करावा.

२००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, २०१० साली महिंद्रचा. २०१९ साली बजाजने चाकणच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचे उत्पादन सुरू केले. विजेच्या गाडीला स्लो नसतो; सिग्नलला तिची मोटर थांबलेली असते. पण तिच्या मोटरचा वेग आणि जोर राखणारी व्यवस्था प्रत्याभरणावरच चालते, आणि उशीर व सुधारणेचा जोर यांचे गणित तिलाही लागू आहे. कारखान्यातल्या यंत्रमानवाचा हात थरथरतो तेव्हाही तेच गणित लागू असते.

या पट्ट्यातील शाळांमधून दरवर्षी कितीतरी मुले आयटीआयकडे आणि गॅरेजकडे वळतात. कोणता भाग बदलायचा हे त्यांना तिथे शिकवले जाईल. सगळे भाग ठीक असतानाही यंत्र का बिघडते, हे समजायला मात्र भोकाचा डबा, एक नळ आणि विज्ञानाचा एक तास पुरतो. तो तास शाळेतच व्हायला हवा.